रस्ता सुरक्षेच्या संशोधन करारात ओव्हरहेड आटोक्यात कसा ठेवायचा

रस्ता सुरक्षेवर संशोधन करायला कोणी पैसे देतं तेव्हा त्यातले किती पैसे खरोखर रस्त्यावर उतरणार हे करारावर सही व्हायच्या आधीच ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरतं बजेटच्या तळाच्या एका ओळीत, जिथे ओव्हरहेड असं लिहून पुढे टक्केवारी टाकलेली असते. लोक ती टक्केवारी बघतात, जास्त वाटली तर घासाघीस करतात, दोन-तीन टक्के कमी करून घेतात आणि झालं म्हणतात. माझं सांगणं एवढंच आहे की टक्का किती यापेक्षा तो टक्का कशावर लावलाय ते आधी बघा, मोठी रक्कम तिथे अडकलेली असते. हे पैसे देणाऱ्यांना लागू आहे तसंच पैसे घेऊन काम करणाऱ्यांनाही, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ओव्हरहेड म्हणजे चोरी नाही. वीज, इमारत, अकाउंट्स, एचआर, कायदा विभाग, सर्व्हर, सिक्युरिटी, लायब्ररी, हे सगळं कोणत्याही एका प्रोजेक्टच्या नावावर टाकता येत नाही पण त्याशिवाय प्रोजेक्ट चालतही नाही, तर त्याचा वाटा प्रत्येक प्रोजेक्टने उचलायचा हा साधा हिशेब आहे. अडचण तेव्हा होते जेव्हा तो वाटा प्रत्यक्ष वापराशी काही संबंध न ठेवता सरसकट लावला जातो, आणि रस्ता सुरक्षेच्या कामात हे फार होतं. कारण या कामाचा मोठा हिस्सा संस्थेच्या इमारतीत होतच नाही. स्पीड गन घेऊन दोघं रस्त्याच्या कडेला उभे असतात, कोणीतरी चौकात हेल्मेट आणि सीटबेल्ट मोजत असतं, कोणीतरी पोलिस ठाण्यात बसून अपघाताच्या नोंदी उतरवून घेत असतं, कॅमेरे खांबावर असतात. संस्थेची लॅब, एसी, पाणी, पार्किंग यातलं काहीच ही माणसं वापरत नाहीत. तरी त्यांच्या मानधनावर, गाडीभाड्यावर, एजन्सीच्या बिलावर तोच दर लागतो जो लॅबमध्ये चोवीस तास मशीन चालवणाऱ्या प्रोजेक्टला लागतो.

आधी हिशेब मांडून बघा

समजा एका प्रोजेक्टचा थेट खर्च ५० लाख आहे. संशोधकांचे पगार २० लाख, बाहेरच्या एजन्सीकडून फील्ड सर्वे १५ लाख, रडार आणि कॅमेरे ८ लाख, संस्थेच्याच ड्रायव्हिंग सिम्युलेटरचा वापर ३ लाख, प्रवास ३ लाख, अभ्यासात भाग घेणाऱ्या चालकांना मोबदला १ लाख. ओव्हरहेड २५ टक्के. सगळ्या थेट खर्चावर लावला तर साडेबारा लाख.

आता तोच २५ टक्के ठेवा, दराला हातही लावू नका. फक्त एवढं करा की ज्या रकमेवर हा टक्का लागतो त्यातून, म्हणजे बेसमधून, उपकरणं काढा, सिम्युलेटरचा वापर काढा, चालकांचा मोबदला काढा, आणि एजन्सीच्या १५ लाखांपैकी पहिले २ लाखच धरा कारण एजन्सीशी करार करणं, बिलं तपासणं, पैसे पाठवणं याचं काम रक्कम मोठी झाली म्हणून तेवढ्या पटीत वाढत नाही. राहिलं काय, पगार २०, प्रवास ३, एजन्सीचे २, एकूण २५ लाख. त्याचे २५ टक्के म्हणजे सव्वासहा लाख. बरोब्बर अर्धा झाला, आणि कोणी दर कमी करा म्हणालेलं नाही.

हे सव्वासहा लाख काय आहेत ते बघा. एजन्सीच्या १५ लाखांत १२ ठिकाणांचा सर्वे बसत असेल तर एका ठिकाणाला सव्वा लाख पडतो, म्हणजे वाचलेल्या पैशात आणखी पाच ठिकाणं होतात. आणि या क्षेत्रात ठिकाणं वाढणं म्हणजे निष्कर्षाचा पायाच पक्का होणं. एखादा चौक आपण सुधारणेसाठी निवडतो तोच मुळात त्या वर्षी तिथे अपघात जास्त झाले म्हणून, आणि असा आकडा पुढच्या वर्षी काहीही न करता थोडा खाली येण्याचीच शक्यता जास्त असते. मग स्पीड ब्रेकर टाकला की अपघात कमी झाले असं रिपोर्टमध्ये छापलं जातं आणि तोच उपाय सगळीकडे केला जातो. हा घोळ टाळायचा तर जिथे काहीच बदल केला नाही अशी तुलनेची ठिकाणं लागतात, आणि बजेट कमी पडलं की सगळ्यात आधी कात्री लागते ती या तुलनेच्या ठिकाणांनाच, कारण तिथे काही बांधकाम नाही, फोटो काढण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला अंदाजे ११.९ लाख माणसं रस्त्यावर मरतात आणि ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. अशा विषयात चुकीचा उपाय बरोबर ठरवणारा अभ्यास नसलेलाच बरा. म्हणून ओव्हरहेडची ही ओळ मला इतकी महत्त्वाची वाटते.

बेस म्हणजे काय ते कागदावर आणा

प्रपोजल मागवणाऱ्या सूचनेतच बेसची व्याख्या लिहा. सूचना तुमच्या हातात नसेल, म्हणजे तुम्ही पैसे घेणारे असाल, तर प्रपोजल लिहायला घेतानाच संस्थेच्या अकाउंट्सला आणि पैसे देणाऱ्यांना, दोघांनाही मेलवर विचारा की दर कशावर लागणार. तोंडी उत्तर घेऊ नका.

पहिला सापळा अगदी साधा आहे पण भरपूर लोक त्यात अडकतात. २० टक्के थेट खर्चावर आणि २० टक्के एकूण रकमेवर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकूण मंजूर रक्कम ५० लाख असेल आणि दर थेट खर्चावर असेल तर ओव्हरहेड येतो साधारण ८ लाख ३३ हजार. एकूण रकमेवर असेल तर १० लाख. करारात नुसतं '२० टक्के ओव्हरहेड' असं लिहिलेलं असलं की प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ घेतो, आणि हा फरक कळतो तो पहिलं इनव्हॉइस आल्यावर.

दुसरं, कोणत्या गोष्टी बेसबाहेर ठेवायच्या ते नुसतं मनात ठेवून चालत नाही, एकेक नाव घेऊन लिहायचं. यात तुम्ही काही नवीन मागत नाही आहात हेही सांगता येतं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या अनुदानांच्या नियमात असा सुधारित बेस कित्येक वर्षांपासून आहे, त्यात उपकरणं, सहभागी लोकांवरचा खर्च, आणि भागीदार संस्थेला दिलेल्या रकमेतला ठराविक मर्यादेपुढचा भाग वगळतात. ही मर्यादा आधी २५ हजार डॉलर होती, १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या बदलात ५० हजार झाली. त्याच बदलात ज्या संस्थेचा सरकारशी ठरलेला दरच नाही तिला वापरता येणारा सरळ दर १० वरून १५ टक्क्यांपर्यंत वाढला. युरोपियन युनियनच्या होरायझन युरोप या संशोधन निधी योजनेत वेगळी पद्धत आहे, तिथे दर सगळ्यांना सारखा, २५ टक्के, त्यावर चर्चाच नाही, पण सबकॉन्ट्रॅक्टिंग त्या बेसमध्ये धरत नाहीत आणि संस्थेने स्वतःलाच लावलेली अंतर्गत बिलंही धरत नाहीत. म्हणजे दोन अगदी वेगळ्या व्यवस्था, एकीकडे संस्थेगणिक दर आणि दुसरीकडे सरसकट दर, पण बेस आखून घ्यायचा हे दोघींनाही पटलेलं आहे. तुमच्या अकाउंट्सने असं कुठे नसतं म्हटलं तर हे दाखवा.

अंतर्गत बिलाचा मुद्दा रस्ता सुरक्षेत नेमका सिम्युलेटरवर येतो. बऱ्याच संस्था सिम्युलेटरचा तासाचा दर लावतात आणि त्या दरात मशीनची झीज, वीज, ऑपरेटर, खोली हे सगळं आधीच धरलेलं असतं. त्यावर परत ओव्हरहेड लावला की त्याच खोलीची वीज दोनदा घेतली. तर तासाच्या दराची फोड मागा. फोडीत वीज आणि जागा असेल तर ती रक्कम बेसबाहेर, नसेल तर ठीक आहे, बेसमध्ये राहू द्या. हाच नियम संस्थेची गाडी किलोमीटरच्या दराने वापरली तर, संस्थेच्या सर्व्हरवर जागा भाड्याने घेतली तर, सगळीकडे.

फील्डसाठी वेगळा दर मागा

दर दोन भागांचा बनलेला असतो, एक इमारत आणि सुविधांचा, दुसरा प्रशासनाचा. अमेरिकेत विद्यापीठांसाठी प्रशासनाचा भाग १९९१ पासून २६ टक्क्यांवर अडवलेला आहे, सुविधांच्या भागाला तशी कमाल मर्यादा नाही, आणि म्हणून जे काम कॅम्पसबाहेर होतं त्याला बराच कमी असा वेगळा दर लावायची तिथे पद्धत आहे. तर्क सरळ आहे, इमारत वापरली नाही तर इमारतीचा वाटा नाही.

तुमच्या संस्थेत दराची अशी फोड नसेल तरी मागणी करता येते. बजेटमध्ये फील्डचं काम आणि ऑफिसचं काम अशा दोन स्वतंत्र ओळी करा, दोन्ही मिसळलेली एक ओळ करू नका, कारण मिसळलं की पूर्ण दर लागतो. फील्डच्या ओळीपुढे एक वाक्य टाका की हे काम महिन्यातून इतके दिवस संस्थेबाहेर होणार आहे आणि त्यासाठी संस्थेची जागा लागणार नाही. डेटा साफ करणं, मॉडेल बसवणं, रिपोर्ट लिहिणं हे ऑफिसात होतं, त्यावर पूर्ण दर द्या, तिथे काटकसर करायला जाऊ नका, ते रास्त आहे.

ओव्हरहेडवर ओव्हरहेड

हा प्रकार सगळ्यात जास्त पैसा खातो आणि सगळ्यात कमी दिसतो. मुख्य संस्था एक, तिची भागीदार दुसरी, तिने नेमलेली सर्वे एजन्सी तिसरी. भागीदाराचं काम ८ लाखांचं, त्यावर तिचा २५ टक्के म्हणजे २ लाख, झाले १०. ते १० लाख मुख्य संस्थेच्या बजेटमध्ये एका ओळीत येतात आणि त्यावर तिचा २५ टक्के लागतो, अडीच लाख. साडेबारा लाख गेले आणि काम झालं ८ लाखांचं, म्हणजे शंभरातले छत्तीस वाटेतच राहिले. त्यात त्या ८ लाखांमध्ये एजन्सीचा सर्व्हिस चार्ज असेल तर तो वेगळाच.

उपाय दोन आहेत. एक, वर सांगितला तो, मर्यादेपुढची रक्कम बेसबाहेर. दुसरा मला जास्त आवडतो, पैसे देणाऱ्याने भागीदारांशी थेट वेगवेगळे करार करायचे आणि मुख्य संस्थेला समन्वयासाठी एक ठरलेली रक्कम द्यायची, टक्क्यांत नाही, आकड्यात. समन्वय हे खरं काम आहे, मीटिंगा घेणं, डेटाचा फॉर्म सगळीकडे एकसारखा ठेवणं, एका ठिकाणी गंभीर जखमी म्हणजे काय आणि दुसऱ्या ठिकाणी काय यावर एकमत करणं, याला वेळ जातो आणि त्याचे पैसे द्यायलाच हवेत. पण ते काम भागीदाराची रक्कम दुप्पट झाली म्हणून दुप्पट होत नाही.

थेट करार शक्य नसतील तर निदान प्रत्येक भागीदाराचं बजेट मुख्य बजेटला फोडीसकट जोडलेलं मागा, एक गोळा आकडा स्वीकारू नका. गोळा आकड्यात काय काय गुंडाळलेलं असतं ते नंतर शोधता येत नाही. ठरावीक रकमेच्या करारात तर हे जास्तच, तिथे शेवटचा रिपोर्ट मिळाला की पैसे द्यायचे असतात आणि आतलं कोणी उघडून बघत नाही, म्हणून फोड सहीच्या आधीच घ्यायची.

एकच खर्च दोनदा येऊ नये

ओव्हरहेडमध्ये काय येतं आणि थेट काय येतं याची यादी करारालाच जोडा. एक पान पुरतं. रस्ता सुरक्षेच्या प्रोजेक्टमध्ये वाद होतात त्या जागा ठरलेल्या आहेत, म्हणून त्या सांगतो.

व्हिडिओ साठवणं. चौकात गाड्यांची जवळजवळ टक्कर होते ते प्रसंग मोजायला कित्येक दिवसांचं फुटेज लागतं, ते पुष्कळ जागा खातं, शिवाय चेहरे आणि नंबरप्लेट पुसून मगच ते टीमला द्यायचं असतं. प्रोजेक्टसाठी वेगळी हार्ड डिस्क किंवा क्लाउड घेतलं तर थेट खर्च. संस्थेच्या सर्व्हरवर ठेवलं आणि सर्व्हर ओव्हरहेडमधून चालतो तर त्याचं वेगळं बिल नाही. दोन्ही मागितलं असेल तर एक काढा.

प्रोजेक्ट मॅनेजर आणि अकाउंटंट. संस्थेच्या अकाउंट्स विभागातला माणूस ओव्हरहेडमध्ये असतो. पण या प्रोजेक्टसाठी नेमलेली व्यक्ती, जी निरीक्षकांच्या शिफ्ट लावते, पोलिसांची परवानगी मिळवते, रोजची हजेरी बघते, ती थेट खर्च, आणि तिची टाइमशीट असली पाहिजे. 'प्रशासकीय सहाय्य' अशी नाव-काम-वेळ नसलेली ओळ दिसली की प्रश्न विचारा.

निरीक्षकांची सुरक्षितता, म्हणजे रिफ्लेक्टर जॅकेट, कोन, विमा, रात्रीच्या शिफ्टला परतीची गाडी, दोन माणसांची जोडी. हे कायम थेट खर्चात, स्वतंत्र ओळीत, आणि कमी करायचं नाही. हे ओव्हरहेडमध्ये ढकललं की ते कोणाच्याच अंगावर नसतं आणि मग पोरं काळोखात साध्या शर्टवर स्पीड मोजत उभी राहतात. रस्त्यावर माणसं मरू नयेत म्हणून जो अभ्यास चाललाय त्यात आपलाच माणूस धोक्यात घालायचा याला काही अर्थ नाही.

एथिक्स कमिटीची फी असेल तर थेट. फोन, स्टेशनरी, झेरॉक्स साधारणपणे ओव्हरहेड, पण पोलिस ठाण्यातून शेकडो अपघात फॉर्म स्कॅन करून आणायचे असतील तर ते स्कॅनिंग प्रोजेक्टचंच काम आहे, ते थेट टाका आणि तसं लिहा.

काळ लांबला तर

या विषयातले प्रोजेक्ट लांबतात. पोलिसांचा डेटा वेळेवर मिळत नाही, हॉस्पिटलच्या नोंदींना परवानगी लागते, ज्या रस्त्यावर बदल होणार म्हणून आधीचा सर्वे केला तिथलं बांधकामच पुढे ढकललं जातं आणि नंतरचा सर्वे अडकतो. पावसाळ्यात मोजलेला वेग कोरड्या दिवसातल्या वेगाशी लावता येत नाही म्हणून कधीकधी मुद्दाम थांबावं लागतं. अशा वेळी मुदतवाढ घेतली जाते, आणि ओव्हरहेड महिन्यागणिक ठरलेला असेल तर काम थांबलेलं असतानाही तो चालूच राहतो.

म्हणून ओव्हरहेड नेहमी प्रत्यक्ष झालेल्या थेट खर्चाशी बांधा, काळाशी नाही. जेवढा थेट खर्च झाला तेवढ्याचाच टक्का त्या हप्त्यात मिळेल. पहिल्या हप्त्यात सगळा ओव्हरहेड काढून घ्यायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मान्य करू नका, कारण मध्येच प्रोजेक्ट बंद पडला तर न झालेल्या कामाचा ओव्हरहेड परत मागत बसावं लागतं आणि तो मिळणं फार अवघड. आणि दर वाढीचं कलम. संस्थेचा दर दर काही वर्षांनी बदलतो, करार तीन वर्षांचा असेल तर मध्येच वाढलेला दर लागू नये हे लिहून ठेवा.

मी वापरायला सांगेन असा मजकूर साधारण असा:

'अप्रत्यक्ष खर्च हा प्रत्यक्ष झालेल्या सुधारित थेट खर्चाच्या ___ टक्के किंवा संस्थेच्या मंजूर दराने येणारी रक्कम, यातील जी कमी असेल तेवढाच देय राहील. उपकरणे, उपकंत्राटाच्या पहिल्या ___ च्या पुढील रक्कम, सहभागींना दिलेला मोबदला आणि संस्थेने अंतर्गत दराने आकारलेल्या सुविधा या सुधारित थेट खर्चात धरल्या जाणार नाहीत. कराराच्या मुदतीत किंवा वाढीव मुदतीत संस्थेचा दर वाढल्यास या करारातील दर वाढणार नाही. थेट खर्चाच्या कोणत्याही शीर्षातील रक्कम लेखी परवानगीशिवाय अप्रत्यक्ष खर्चात वळवता येणार नाही.'

शेवटचं वाक्य विसरू नका. शीर्षांमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इकडचं तिकडे करायची मुभा बऱ्याच करारांत दिलेली असते आणि तिचा प्रवास एकाच दिशेने होतो.

तुम्ही संशोधक आहात आणि संस्था ऐकत नाही

हे जास्त अवघड. पैसे देणारा म्हणतो आम्ही १० टक्क्यांपुढे देत नाही, संस्था म्हणते आमचा नियम २० चा, आणि मधे पीआय, म्हणजे प्रोजेक्टचा प्रमुख संशोधक, लटकतो. इथे भांडण करून उपयोग नाही, कागद लागतो. पहिलं काम, नियमाची प्रत मागा. पुष्कळ संस्थांच्या नियमात असं कलम असतं की निधी देणाऱ्याने सर्व अर्जदारांसाठी समान मर्यादा छापील स्वरूपात जाहीर केली असेल तर संस्था ती स्वीकारते, किंवा प्रमुखांना सूट द्यायचा अधिकार असतो. अकाउंट्समधल्या माणसाला ते कलम माहीत असेलच असं नाही, त्यांना दोष देऊ नका, त्यांच्याकडे रोज वीस फायली असतात.

मग छोटं पत्र. लांबण लावू नका. 'मॅडम, या योजनेत अप्रत्यक्ष खर्चाची मर्यादा सर्व अर्जदारांना १० टक्के आहे, संबंधित पान सोबत जोडलं आहे. प्रकल्पातलं बहुतांश काम कॅम्पसबाहेर आहे, जागेची वेगळी गरज नाही. प्रोजेक्टचे अकाउंट सांभाळणाऱ्या व्यक्तीचा अर्धवेळ पगार थेट खर्चात धरला आहे त्यामुळे विभागावर भार येणार नाही. तरी नियम अमुकनुसार सूट मिळावी.' यातलं तिसरं वाक्य काम करतं. संस्थेची खरी भीती ही असते की प्रोजेक्ट आला की आपल्या लोकांवर काम वाढेल आणि त्याचे पैसे मिळणार नाहीत. ती भीती रास्त आहे आणि तिचं उत्तर दिलं की बाकी सोपं होतं. हे पत्र डेडलाइनच्या आदल्या दिवशी नेऊ नका, त्या दिवशी उत्तर नाहीच असतं.

संस्थेच्या आत ओव्हरहेडची वाटणी कशी होते तेही विचारून ठेवा. काही ठिकाणी त्यातला काही भाग विभागाला आणि पीआयला परत येतो. तसं असेल तर तो भाग याच प्रोजेक्टच्या फील्डला वापरायचा असं विभागप्रमुखांशी आधी ठरवा, लेखी. आणि करार संशोधनाचा आहे की कन्सल्टन्सीचा हे नीट लिहा, कारण कन्सल्टन्सी म्हटलं की संस्थेचा वाटा बहुधा वेगळा आणि जास्त असतो. एखाद्या रस्त्याचं ऑडिट करून रिपोर्ट द्यायचा हे कन्सल्टन्सी म्हणून जाईल, पण तोच डेटा वापरून पद्धत तपासायची आणि निष्कर्ष खुले छापायचे असतील तर ते संशोधन आहे, मग शीर्षकात आणि उद्देशात तसंच लिहा.

किती खाली आणायचं

पैसे देणाऱ्यांना हे मनापासून सांगतो, मर्यादा शून्यावर किंवा चार-पाच टक्क्यांवर नेऊन ठेवली की खर्च गायब होत नाही, तो दुसऱ्या ओळीत जाऊन लपतो. पगार फुगतात, 'इतर' नावाचं शीर्ष मोठं होतं, प्रवास दुप्पट दाखवला जातो. आणि लहान संस्था, ज्यांचा फील्डवरचा अनुभव सगळ्यात चांगला असतो, त्या अर्जच करत नाहीत, कारण मोठी संस्था तोटा दुसरीकडून भरून काढू शकते आणि लहान नाही. डेटाची गुप्तता, हिशेब तपासणी, कायद्याची कामं याला पैसे लागतात, आणि अपघातात मेलेल्या माणसाची हॉस्पिटलची नोंद ज्या संस्थेकडे आहे तिचा सर्व्हर धड नसणं हे कोणालाच परवडणारं नाही. म्हणून दर माफक ठेवा, बेस घट्ट ठेवा, आणि जे खर्च थेट दाखवता येतात ते थेट दाखवायला मोकळीक द्या. दर १५ आणि बेस नीट आखलेला, हे दर ८ आणि बेस मोकाट यापेक्षा कधीही चांगलं, कारण पहिल्यात पैसा कुठे गेला ते दिसतं.

प्रपोजल तपासताना मी एक आकडा वेगळा काढायला सांगेन, एकूण मंजूर रकमेतला किती टक्के पैसा डेटा गोळा करणं, साफ करणं आणि त्याचं विश्लेषण यावर जातो. तो आकडा प्रत्येक प्रपोजलपुढे लिहा आणि मग तुलना करा. ओव्हरहेड १० टक्के दाखवलेलं प्रपोजल या आकड्यात २० टक्केवाल्यापेक्षा मागे पडू शकतं, कारण त्याने बाकीचं पगारात आणि समारंभात घातलेलं असतं. उद्घाटनाची वर्कशॉप, समारोपाची वर्कशॉप, चकचकीत छापील रिपोर्ट, हे ओव्हरहेडमध्ये नसतात पण काम मात्र तेच करतात.

हिशेब बंद करताना शेवटचं एक काम राहतं. थेट खर्च मंजुरीपेक्षा कमी झाला असेल, आणि बहुधा होतोच, तर ओव्हरहेडही त्या प्रमाणात कमी झाला पाहिजे, आणि आधी जास्त गेला असेल तर फरक परत आला पाहिजे. युटिलायझेशन सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याच्या दाखल्यात, मंजूर ओव्हरहेड तसाच उतरवलेला असतो, तिथे झालेल्या खर्चावरून परत गुणाकार करून बघा. फरक निघाला तर तो परत मागण्याऐवजी त्याच करारात एक पत्र देऊन डेटा वापरण्याजोगा करायला वळवता येतो, म्हणजे ओळख पटेल अशी माहिती काढून, प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून, दुसऱ्या टीमला वापरता येईल असा तो जमा करणं. या कामाला बजेटमध्ये जवळजवळ कधीच ओळ नसते, त्यामुळे पत्र आधीच तयार ठेवा आणि मुदत संपायच्या निदान दोन महिने आधी द्या.